एका जीनच्या दोन कॉप्या, एक पळते एक रेंगाळते: स्वतः तपासायचं कसं

माणसाच्या जीनोममध्ये प्रोटीन बनवणारे साधारण २०,००० जीन आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कुठे ना कुठे एखादं भावंड आहे, म्हणजे कधीतरी एका जीनच्या दोन कॉप्या झाल्या आणि मग दोन्ही आपापल्या वाटेने बदलत गेल्या. सुरुवात दोघींची अगदी सारखी, वय सारखं, तरी काही लाख-कोटी वर्षांनी बघायला जावं तर एकीत ढीगभर अमिनो ॲसिड बदललेली आणि दुसरी जवळपास होती तशीच. हा अपवाद आहे असं समजू नका. २००३ साली माणसाच्या जीनोममधल्या २५० तरुण जोड्यांचा अभ्यास झाला होता, त्यात जवळजवळ ६० टक्के जोड्यांमध्ये दोन कॉप्यांच्या प्रोटीनचा बदलायचा वेग ठळकपणे वेगळा निघाला.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांना डीएनए, कोडॉन, प्रोटीन हे शब्द माहीत आहेत, कॉम्प्युटर वापरता येतो, आणि एखादी जोडी घेऊन स्वतः हिशेब करून बघायचाय. लॅब लागत नाही. लागणारा सगळा डेटा आणि सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, कारण नवीन माणूस हमखास इथेच घसरतो: जोरात बदललेली कॉपी दिसली की लगेच "हिला नवीन काम मिळालं" असं लिहून टाकायचं नाही. वेग वाढायची अगदी साधी, कंटाळवाणी कारणं बरीच असतात, आणि खालच्या बहुतेक पायऱ्या त्या कारणांना एकेक करून बाजूला काढण्यासाठीच आहेत.

थोडी पार्श्वभूमी, मग कामाला लागू

सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडलेला विचार साधारण असा की एका कॉपीने घर सांभाळलं की दुसरीला भटकायला मोकळीक मिळते, तिच्यात म्युटेशन साचली तरी प्राण्याचं काही बिघडत नाही, आणि त्या भटकंतीत क्वचित एखादं नवीन काम हाती लागतं. हे ऐकायला छान आहे पण बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही, कॉपी मरते आणि स्यूडोजीन होऊन पडून राहते. लिंच आणि कोनरी यांनी २००० साली केलेल्या हिशेबात असं दिसलं की बहुसंख्य नवीन कॉप्या काही दशलक्ष वर्षांतच बंद पडतात. तिसरी शक्यता १९९९ मध्ये नीट मांडली गेली, ती म्हणजे वाटणी: जुना जीन दोन कामं करत होता, कॉपी झाल्यावर एकीने एक काम सोडलं, दुसरीने दुसरं, आणि आता दोघी मिळून जुन्या एकीचं काम करतात, त्यामुळे कुणालाच मरता येत नाही.

वेगाच्या दृष्टीने या तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसायला हव्यात. भटकणारी कॉपी पळणार, मरणारी तर अजून पळणार, आणि वाटणी झाली असेल तर दोघी थोड्या थोड्या पळतील. प्रत्यक्षात चित्र इतकं स्वच्छ मिळत नाही, पण डोक्यात हा आराखडा ठेवला की आकडे वाचायला सोपं जातं.

पायरी १: जोडी निवडा, आणि पहिली जोडी साधी निवडा

शिकायला मी जीएलयूडी१ आणि जीएलयूडी२ ही जोडी सुचवेन. जीएलयूडी१ हा जीन क्रोमोसोम १० वर आहे, मायटोकॉन्ड्रियात ग्लुटामेट डीहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम बनवतो. कधीतरी त्याचा एमआरएनए उलटा डीएनएमध्ये लिहिला गेला आणि तो तुकडा एक्स क्रोमोसोमवर जाऊन बसला, तो जीएलयूडी२. हे माणूस आणि एप यांच्या सामाईक पूर्वजात घडलं, सुमारे २.३ कोटी वर्षांच्या आत, म्हणून गिबनपासून माणसापर्यंत सगळ्यांकडे दोन्ही कॉप्या आहेत आणि ऱ्हीसससारख्या माकडांकडे एकच.

ही जोडी चांगली का, तर एक म्हणजे आई कोण आणि मुलगी कोण यावर वाद नाही. जीएलयूडी२ एमआरएनएवरून आलाय म्हणून त्याच्यात इन्ट्रॉन (जीनमधले ते तुकडे जे एमआरएनए तयार होताना कापून टाकले जातात) नाहीत, जीएलयूडी१ मध्ये आहेत. दुसरं म्हणजे फरक मोजण्याइतके आहेत पण हरवून जाण्याइतके नाहीत, तयार प्रोटीन ५०५ अमिनो ॲसिडचं आहे आणि त्यात दोघांमध्ये १५ ठिकाणी फरक आहे. तिसरं, ते १५ फरक काय करतात यावर लॅबमध्ये बरंच काम झालंय, म्हणजे तुमचं उत्तर तपासून बघायला काहीतरी आहे.

पहिल्याच वेळी कोणत्या जोड्या घेऊ नयेत ते पण सांगते. एचबीए१ आणि एचबीए२, म्हणजे अल्फा ग्लोबिनच्या दोन कॉप्या, यांचं प्रोटीन हुबेहूब सारखं आहे, का ते पुढे येईल. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी पृष्ठवंशी प्राण्यांच्या पूर्वजात पूर्ण जीनोमच दुप्पट झाला, बहुतेक दोनदा, आणि त्यातून उरलेल्या जोड्यांना ओहनोच्या नावावरून ओहनोलॉग म्हणतात, त्या फार जुन्या पडतात, तिथे सायलेंट जागा (जिथे अक्षर बदललं तरी अमिनो ॲसिड बदलत नाही) इतक्या वेळा बदलून गेल्यात की मोजणीला अर्थ उरत नाही. वासाच्या रिसेप्टरचे जीन पण नको, चालू असलेले ४०० च्या आसपास आणि मेलेले पण जवळपास तेवढेच, कोण कुणाचं भावंड हे ठरवण्यातच वेळ जातो.

पायरी २: सिक्वेन्स उतरवून घ्या

एन्सेम्बल या जीनोम डेटाबेसच्या साइटवर जीनचं नाव रोमन अक्षरांत टाका, माणूस निवडा. जीनच्या पानावर डावीकडच्या मेन्यूत कम्पॅरेटिव्ह जीनोमिक्स असा भाग आहे, त्यात पॅरालॉगची (त्याच जीनोममधली भावंडं) यादी मिळते, ऑर्थोलॉगची (दुसऱ्या प्रजातीतला तोच जीन) मिळते आणि जीन ट्री, म्हणजे जीनचा वंशवृक्ष, पण मिळतो. जीन ट्री आधी उघडा. त्यात लाल चौकोन म्हणजे त्या ठिकाणी डुप्लिकेशन झालं आणि निळा म्हणजे प्रजाती वेगळ्या झाल्या. तुमच्या दोन कॉप्या ज्या लाल चौकोनाला भेटतात तो शोधा, तीच तुमच्या गोष्टीची सुरुवात.

मग कोडिंग सिक्वेन्स डाउनलोड करायचा, पूर्ण जीन नाही, पूर्ण एमआरएनए पण नाही, फक्त कोडिंग भाग. एका जीनचे डझनभर ट्रान्सक्रिप्ट (त्याच्या एमआरएनएची वेगवेगळी रूपं) दिसतील, त्यातला मेन सिलेक्ट (स्पेलिंग एमएएनई) असा शिक्का असलेला घ्या. हे बारीक वाटतं पण फार महत्त्वाचं आहे, कारण एका कॉपीचा लांब ट्रान्सक्रिप्ट आणि दुसरीचा आखूड घेतला तर जुळवणी करताना जिथे काही बदललंच नाही तिथे बदल दिसायला लागतात आणि आखूड कॉपी उगाच "वेगवान" ठरते. इतर प्राण्यांसाठी असा शिक्का नसतो, तिथे माणसाच्या ट्रान्सक्रिप्टशी लांबी सगळ्यात जुळणारा निवडा. आणि नावाच्या शेवटी पी अक्षर आणि नंबर लागलेला जीन म्हणजे बहुतेक स्यूडोजीन असतो, जीएलयूडी१ चेही असे तुकडे जीनोममध्ये आहेत, ते चुकून उचलू नका.

आमच्या जोडीसाठी माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन यांचे दोन्ही जीन आणि ऱ्हीसस माकडाचा एकुलता एक जीएलयूडी१ एवढं पुरेसं आहे. सगळं एका फास्टा फाइलमध्ये (सिक्वेन्स ठेवायची साधी टेक्स्ट फाइल) टाका आणि नावं छोटी, स्वतःला कळतील अशी ठेवा.

पायरी ३: बाहेरचा साक्षीदार

सगळ्या लेखात हीच पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माणसाच्या दोन कॉप्या शेजारी ठेवल्या तर १५ फरक दिसतात, ठीक आहे, पण बदललं कोण? त्या दोघींकडे बघून हे कळूच शकत नाही. त्यासाठी डुप्लिकेशनच्या आधी वेगळी झालेली, एकच कॉपी असलेली प्रजाती लागते, तिला आउटग्रुप म्हणतात.

एक जागा जवळून बघू. तयार प्रोटीनमधली जागा क्रमांक ४५६. जीएलयूडी१ मध्ये तिथे ग्लायसिन आहे, जीएलयूडी२ मध्ये ॲलानिन. आता ऱ्हीससचा जीएलयूडी१ उघडा, तिथे ग्लायसिन. म्हणजे जुनं अक्षर ग्लायसिन होतं आणि बदल जीएलयूडी२ च्या बाजूला झाला. डीएनएमध्ये जाऊन बघितलं तर ग्लायसिनचे सगळे कोडॉन जीजी ने सुरू होतात आणि ॲलानिनचे सगळे जीसी ने, म्हणजे मधल्या एका जी चा सी झाला की काम झालं. आणि या एका बदलाचा परिणाम केवढा, तर जीएलयूडी१ च्या एन्झाइमला जीटीपी हा रेणू जोरात ब्रेक लावतो, जीएलयूडी२ वर तो ब्रेक फारसा लागतच नाही. जागा ४४३ वर आर्जिनिनचं सेरिन झालंय, त्यामुळे एन्झाइमची मूळ क्रिया मंदावली आणि ते एडीपी या दुसऱ्या रेणूच्या इशाऱ्यावर चालायला लागलं.

इथे एक व्यावहारिक अडचण येते ती आत्ताच सांगते. तुमच्या फाइलमध्ये ४५६ नंबरला बघितलंत तर हे सापडणार नाही. जुन्या लेखांमध्ये नंबर तयार प्रोटीनवरून दिलेले असतात, आणि फाइलमधलं प्रोटीन पूर्ण ५५८ चं असतं, सुरुवातीचा ५३ चा तुकडा मायटोकॉन्ड्रियात जाताना कापला जातो. म्हणून नंबरात ५३ मिळवा, ४५६ चं ५०९ होतं आणि ४४३ चं ४९६. नंबर जुळत नाहीत म्हणून लोक तासन्‌तास डोकं खाजवत बसतात.

आउटग्रुप किती लांबचा घ्यायचा हा प्रश्न येतोच. डुप्लिकेशनच्या थोडंसंच आधी वेगळा झालेला सगळ्यात चांगला. उंदीर चालतो पण तिथपर्यंत जाताना त्याच त्याच जागी दोनदा बदल झालेले असतात, आणि मासा घेतला तर प्रत्येक तिसरी जागा संशयास्पद होते. त्या आउटग्रुपमध्ये तो जीन स्वतंत्रपणे परत डुप्लिकेट झालेला नाही ना, हे पण जीन ट्रीमध्ये बघून घ्या.

पायरी ४: जुळवणी

आधी प्रोटीनची जुळवणी करायची, मग त्या जुळवणीवर डीएनए बसवायचा. थेट डीएनए जुळवला तर प्रोग्राम कोडॉनच्या मधोमध गॅप टाकतो आणि पुढचा सगळा हिशेब कचरा होतो. प्रोटीनसाठी मॅफ्ट किंवा मसल वापरा, कोडॉन बसवायला पॅलटूनॅल नावाचं साधन आहे. किंवा मेगा हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्यात खिडक्या-बटणं आहेत आणि कमांड टाइप कराव्या लागत नाहीत.

जुळवणी झाली की डोळ्यांनी बघा. खरंच बघा, शेवटपर्यंत स्क्रोल करून. दहा-बारा अमिनो ॲसिड सलग वेगळी दिसली आणि दोन्ही बाजूला सगळं सारखं, तर ती उत्क्रांती नसून बहुतेक वेळा एक्झॉनची (जीनमधला एमआरएनएत टिकणारा तुकडा) चुकीची सीमा किंवा सिक्वेन्सिंगची चूक असते. तो भाग काढून टाका आणि काढला असं वहीत लिहून ठेवा.

पायरी ५: दोन्ही कॉप्या एकमेकींना पुसून तर टाकत नाहीत ना?

डुप्लिकेट जीन शेजारी-शेजारी असतील तर त्यांच्यात जीन कन्व्हर्जन होतं, म्हणजे एका कॉपीचा तुकडा दुसरीवर जसाच्या तसा उतरवला जातो आणि तिथले सगळे साचलेले फरक एका झटक्यात पुसले जातात. एचबीए१ आणि एचबीए२ चं प्रोटीन सारखं आहे ते म्हणूनच, ती कॉपी कालपरवाची आहे म्हणून नाही. गर्भातल्या हिमोग्लोबिनचे एचबीजी१ आणि एचबीजी२ पण असेच, प्रोटीनमध्ये एकाच जागी फरक, १३६ नंबरला एकीत ॲलानिन आणि एकीत ग्लायसिन. लाल आणि हिरवा रंग बघायला मदत करणारे एक्स क्रोमोसोमवरचे दोन ऑप्सिन जीनही शेजारी आहेत आणि त्यांच्यातही ही देवाणघेवाण चालते.

ओळखायचं कसं, तर कॉप्यांच्या नात्याचं झाड, म्हणजे वंशवृक्ष काढा. कन्व्हर्जन नसेल तर माणसाची पहिली कॉपी चिंपांझीच्या पहिल्या कॉपीजवळ बसते आणि दुसरी दुसरीजवळ. कन्व्हर्जन असेल तर माणसाच्या दोन्ही कॉप्या एकमेकींना चिकटतात आणि चिंपांझीच्या दोन्ही तिकडे वेगळ्या. जीनचा अर्धा भाग एक झाड दाखवतो आणि अर्धा दुसरं, असंही होतं, म्हणून पूर्ण जीनचं एक आणि तुकड्यांची वेगवेगळी अशी झाडं काढून बघा. असं दिसलं तर वेगाची तुलना त्या भागासाठी करू नका, तिथे घड्याळ मध्येच शून्यावर आणलेलं आहे. जीएलयूडी जोडीत एक कॉपी क्रोमोसोम १० वर आणि दुसरी एक्सवर असल्याने हा त्रास फारसा नाही, ती सुचवण्याचं हे आणखी एक कारण.

पायरी ६: हाताने मोजा

मोठ्या प्रोग्रामकडे धावण्याआधी एकदा तरी हाताने मोजावं असं माझं ठाम मत आहे, कारण त्याशिवाय प्रोग्राम काय करतोय हे कळत नाही. तजिमा यांनी १९९३ मध्ये दिलेली चाचणी यासाठी सगळ्यात सोपी. तीन ओळी घ्या: कॉपी एक, कॉपी दोन, आउटग्रुप. जिथे कॉपी दोन आणि आउटग्रुप सारखे आहेत आणि फक्त कॉपी एक वेगळी, त्या जागा मोजा, हा पहिला आकडा. जिथे फक्त कॉपी दोन वेगळी, तो दुसरा आकडा. तिन्ही वेगवेगळे असतील ती जागा सोडून द्या. दोन्ही कॉप्या एकाच वेगाने चालल्या असतील तर हे दोन आकडे साधारण सारखे यायला हवेत.

समजा पहिला आकडा १८ आला आणि दुसरा ६. फरक १२, त्याचा वर्ग १४४, बेरीज २४, भागाकार ६. हा आकडा ३.८४ च्या वर असेल तर पाच टक्क्यांच्या पातळीवर (म्हणजे नुसत्या योगायोगाने असं यायची शक्यता पाच टक्क्यांहून कमी) फरक खरा धरायचा, ६ वर आहे, म्हणजे धरायचा. आता समजा ९ आणि ५ आले. फरक ४, वर्ग १६, बेरीज १४, भागाकार १.१४, म्हणजे इथे काहीच सिद्ध होत नाही, नाणं उडवून पण असं येऊ शकतं. आकडे फार छोटे असतील, बेरीज दहाच्या आत असेल तर हे सूत्र वापरू नका, सरळ नाण्याचा हिशेब करा: ६ विरुद्ध ० यायची शक्यता दोन्ही बाजू धरून सुमारे ३ टक्के, ५ विरुद्ध ० ची ६ टक्क्यांच्या थोडी वर. म्हणजे पाचही बदल एकाच बाजूला पडले तरी तुम्ही पाच टक्क्यांची रेघ ओलांडत नाही. अगदी तरुण जोड्यांमध्ये बदलच इतके कमी असतात की खरा फरक असला तरी सिद्ध करता येत नाही, आणि "फरक सापडला नाही" याचा अर्थ "वेग सारखा आहे" असा होत नाही.

पायरी ७: सायलेंट बदलांशी तुलना

समजा एक कॉपी वेगवान निघाली. पहिला संशय तिच्या जागेवर घ्यायचा. जीनोममध्ये सगळीकडे म्युटेशनचा वेग सारखा नसतो. एक्स क्रोमोसोमवर तो साधारण कमी असतो, कारण नराच्या जननपेशी जास्त वेळा विभागतात त्यामुळे जास्त म्युटेशन तिथून येतात, आणि एक्स आपल्या आयुष्यातला एक तृतीयांशच काळ नरात घालवतो. जीएलयूडी२ नेमका एक्सवर आहे, म्हणजे नुसत्या जागेमुळे तो हळू व्हायला हवा होता. शिवाय सी च्या पुढे जी आला की तो सी फार पटकन टी होतो, त्यामुळे अशा जोड्या जास्त असलेली कॉपी तेवढ्यानेच पुढे दिसते.

म्हणून अमिनो ॲसिड बदलणारे बदल एका बाजूला आणि न बदलणारे, म्हणजे सायलेंट, दुसऱ्या बाजूला ठेवतात. अमिनो ॲसिड बदलू शकणाऱ्या दर जागेमागे किती बदल झाले त्याला डीएन म्हणतात (केए पण म्हणतात, गोष्ट एकच), सायलेंट जागांचा तसाच आकडा डीएस, आणि दोघांचा भागाकार ओमेगा. ओमेगा १ च्या खूप खाली म्हणजे प्रोटीनवर कडक पहारा आहे, १ च्या जवळ म्हणजे पहारा नाही, १ च्या स्पष्ट वर म्हणजे बदलांना चक्क प्रोत्साहन मिळतंय, यालाच पॉझिटिव्ह सिलेक्शन म्हणतात. डीएस दोन्ही कॉप्यांत सारखा आणि डीएन एकीत जास्त, तर जागेचा संशय बराचसा मिटतो. २००३ च्या त्याच २५० जोड्यांमध्ये अमिनो ॲसिडचा वेग ६० टक्क्यांत वेगळा होता पण या गुणोत्तरातला फरक २५ टक्क्यांहून थोड्या जास्त जोड्यांमध्येच ठळक निघाला, आणि वेगवान कॉपीचा डीएस पण किंचित जास्त असायचा.

यासाठी पॅमल पॅकेजमधला कोडएमएल हा प्रोग्राम वापरतात. फाइल तयार करणं किचकट आहे पण कल्पना सोपी: एकदा सगळ्या फांद्यांना एकच ओमेगा देऊन चालवा, मग वेगवान कॉपीच्या फांदीवर खूण करून तिला स्वतंत्र ओमेगा देऊन परत चालवा. दोन्ही वेळचे लॉग लाइकलीहूड (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्याचा आकडा, प्रोग्रामच देतो) घ्या, फरक दुप्पट करा, एक जादा पॅरामीटर असेल तर परत तोच ३.८४ चा उंबरठा. कमांड नको असतील तर डेटामंकीच्या साइटवर हायफाय या सॉफ्टवेअरच्या चाचण्या ब्राउझरमधूनच चालतात.

आता खरा पेच. ओमेगा ०.०५ वरून ०.४ वर गेला, वेग आठपट झाला, तरी तो १ च्या खालीच आहे. याचा सगळ्यात सरळ अर्थ पहारा ढिला पडला, एवढाच. पण काही मोजक्या जागांवर जोरदार पॉझिटिव्ह सिलेक्शन आणि बाकी सगळीकडे कडक पहारा असेल तरी सरासरी ०.४ येऊ शकते. हा गुंता सोडवायला हायफायमध्ये रिलॅक्स नावाची चाचणी आहे, ती के नावाचा आकडा देते, तो ठळकपणे १ च्या खाली असेल तर पहारा ढिला झालाय, वर असेल तर सिलेक्शन उलट तीव्र झालंय. ही चाचणी न करता "वेगवान म्हणून नवीन काम" लिहिणं मला अजिबात पटत नाही.

पॉझिटिव्ह सिलेक्शनचं खरं, घसघशीत उदाहरण बघायचं तर आरनेज२ आणि आरनेज३ घ्या, क्रोमोसोम १४ वर, दोन्हींची प्रोटीनं इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीत असतात. डुप्लिकेशन सुमारे ३.१ कोटी वर्षांपूर्वीचं. आरनेज३ च्या फांदीवर सुरुवातीच्या काळातच धडाधड अमिनो ॲसिड बदलली आणि त्यात आर्जिनिन भराभर वाढले, ते धन भाराचे असतात, आणि हे प्रोटीन बॅक्टेरिया मारायला लागलं, जे भावंडाला तसं जमत नाही. हे १९९८ साली दाखवलं गेलं आणि आजही शिकवायला याहून स्वच्छ जोडी मला माहीत नाही. दुसरा सराव म्हणून हीच करा.

पायरी ८: बदल कुठे पडलेत ते काढा

प्रोटीनची लांबी एका रेघेवर घ्या आणि प्रत्येक कॉपीचे बदल त्यावर टिंबं म्हणून टाका. साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं. वेगवान कॉपीत टिंबं सगळीकडे सारखी विखुरलेली असतील तर पहारा सर्वत्र ढिला झालाय असा कौल मिळतो. हळू कॉपीत टिंबं साधारण एखाद्या कोपऱ्यात गोळा झालेली दिसतात, कारण महत्त्वाच्या डोमेनला (प्रोटीनमधला ठरावीक काम करणारा भाग) हात लावायची परवानगीच नसते. आणि वेगवान कॉपीत पण टिंबं एकाच डोमेनमध्ये गर्दी करून बसली असतील तर मात्र थांबून बघण्यासारखं आहे, युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवर त्या डोमेनचं काम काय लिहिलंय ते वाचा.

पायरी ९: वेग म्हणजे सगळं नाही

हे नीट लक्षात घ्या, कारण इथे आकड्यांच्या नादाला लागलेला माणूस खूप काही गमावतो. एसएमएन१ आणि एसएमएन२ ही क्रोमोसोम ५ वरची जोडी बघा. दोघांमधला सगळ्यात महत्त्वाचा फरक म्हणजे सातव्या एक्झॉनमध्ये एका सी चा टी, तो पण सायलेंट, अमिनो ॲसिड बदलतच नाही. तुमची डीएनची मोजणी इथे शून्य दाखवेल. पण त्या एका अक्षरामुळे स्प्लायसिंग (इन्ट्रॉन कापून एक्झॉन जोडण्याची क्रिया) बिघडतं, एसएमएन२ च्या बहुतेक एमआरएनएमधून सातवा एक्झॉन गळतो, आणि एसएमएन१ नसलेल्या माणसाला स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी होते कारण एसएमएन२ एकटा पुरा पडत नाही. किंवा एआरएचगॅप११बी घ्या, सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीची, फक्त माणसाच्या वंशात असलेली अर्धवट कॉपी. त्यात एका सी चा जी झाला, नवीन स्प्लाइस साइट तयार झाली, एमआरएनएमधून ५५ अक्षरं गळाली, वाचनाची चौकट सरकली आणि शेवटी ४७ अमिनो ॲसिडची शेपटी आली जी मूळ जीनमध्ये नाही. मेंदूच्या वाढीत हिचा हात असल्याचे पुरावे आहेत. एका अक्षराची करामत, कुठलीही वेगाची चाचणी ती पकडणार नाही.

त्यामुळे हिशेब झाला की जीटेक्स (कोणत्या ऊतीत कोणता जीन किती चालतो याचा डेटाबेस) च्या साइटवर जाऊन दोन्ही कॉप्या कोणत्या ऊतींमध्ये चालू असतात ते बघाच. जीएलयूडी१ जवळपास सगळीकडे चालतो, जीएलयूडी२ चं नाव मुख्यतः मेंदू आणि वृषणाशी जोडलं जातं. मात्र दोन कॉप्या ९९ टक्के सारख्या असतील तर छोटे आरएनए रीड (मशीनने वाचलेले आरएनएचे तुकडे) नेमके कोणत्या कॉपीचे हे सॉफ्टवेअरला कळत नाही, तिथले आकडे जपून वापरा.

तीच अडचण जीनोमच्या नकाशातही असते. माणसाच्या जीनोमचा ५ ते ७ टक्के भाग मोठ्या, जवळपास सारख्या डुप्लिकेशनचा आहे आणि जुन्या नकाशांमध्ये दोन कॉप्या एकावर एक दुमडल्या जायच्या. २०२२ मध्ये टेलोमिअर ते टेलोमिअर, म्हणजे क्रोमोसोमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, असा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाल्यावर यातलं बरंच सुधारलं. तुमची जोडी काही दशलक्ष वर्षांचीच असेल तर तिचा सिक्वेन्स या नवीन नकाशात पण ताडून बघा, आणि एप प्राण्यांसाठी तर मिळतील तितके नवे असेंब्ली (तुकडे जोडून बनवलेले जीनोमचे नकाशे) वापरा.

एकाऐवजी अनेक जोड्या करायच्या असतील तर

एक जोडी जमली की शंभर कराव्याशा वाटतात, करा, पण पाच टक्क्यांचा उंबरठा तसाच ठेवून २५० जोड्या तपासल्या तर काहीच फरक नसतानाही बारा-तेरा जोड्या "वेगवान" म्हणून बाहेर पडतील. बेंजामिनी-हॉकबर्ग नावाची दुरुस्ती लावा, स्प्रेडशीटमध्ये पण करता येते. जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात, पाच जणांच्या कुटुंबातून दहा जोड्या काढून दहा पुरावे मोजायचे नाहीत, एका कुटुंबातून एकच घ्या. टॅन्डम (शेजारी-शेजारी असलेल्या) कॉप्या, रेट्रोकॉप्या (जीएलयूडी२ सारख्या एमआरएनएवरून आलेल्या) आणि लांब गेलेल्या कॉप्या वेगवेगळ्या रकान्यात ठेवा, रेट्रोकॉपीसोबत मूळ जीनचा प्रोमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा भाग) सहसा येत नाही, तिची गोष्ट सुरुवातीपासूनच वेगळी असते. आणि प्रत्येक जोडीपुढे ट्रान्सक्रिप्टचा आयडी, एन्सेम्बलचा रिलीज नंबर, आउटग्रुप कोणता आणि जुळवणीतून कोणता भाग काढला एवढं लिहून ठेवा, कारण डेटाबेस दर काही महिन्यांनी बदलतो आणि त्यानंतर तोच आकडा परत काढायचा तर ही ओळच कामाला येते.